मेरा की आयलंड? नुसत्या उंचीवर जाऊ नका

दिवाळी आटोपली आणि पुढच्या वर्षाच्या सुट्ट्यांचा हिशेब सुरू झाला की ट्रेकिंगच्या ग्रुपवर हा प्रश्न येतोच. "एव्हरेस्ट बेस कॅम्प झालाय. आता पहिलं सहाहजारी शिखर करायचंय. मेरा करू की आयलंड? त्यातल्या त्यात सोपं कुठलं?" पाच मिनिटांत कुणीतरी उत्तर टाकतं, "आयलंड ६,१८९ मीटर, मेरा ६,४७६. म्हणजे आयलंड सोपं." वजाबाकी बरोबर आहे, निष्कर्ष साफ चुकलाय.

गोंधळ होणं साहजिक आहे म्हणा. दोन्ही शिखरं पूर्व नेपाळात, दोन्हींची वाट विमानतळ असलेल्या लुकला गावाहून सुटते, दोन्हींचा परवाना नेपाळ पर्वतारोहण संघाकडून मिळतो आणि दोन्ही 'ट्रेकिंग पीक' याच नावाने विकली जातात. या नावाने फार घोळ घातलाय. ट्रेकिंग पीक हा परवान्याचा वर्ग आहे, अवघडपणाचा नाही. दोन्हीकडे क्रॅम्पॉन (बुटाला बांधायचे बर्फातले काटे), हार्नेस (दोर अडकवायचा कमरेचा पट्टा), जुमार (दोरावर फक्त वर सरकणारी मूठ) लागतात आणि दोन्हीकडे हिमनदीवर दोराला बांधून चालावं लागतं. कळसूबाईला जाऊन येणं म्हणजे ट्रेक, हा अर्थ इथे लावलात तर फसलात.

दोघांची जन्मपत्रिकाही जुळते. १९५३च्या वसंतात एव्हरेस्टला निघालेल्या ब्रिटिश मोहिमेतली काही मंडळी सराव म्हणून आयलंडवर चढली. त्याच मोहिमेचे ऑक्सिजन सिलिंडर पोहोचवायला आलेले जिमी रॉबर्ट्स काम उरकल्यावर दक्षिणेच्या खोऱ्यांकडे वळले आणि २० मे रोजी सेन तेनझिंग यांच्यासह मेरावर पोहोचले. एव्हरेस्टला माणूस पोहोचायला अजून नऊ दिवस होते. याच रॉबर्ट्सनी १९६४ साली नेपाळातली पहिली ट्रेकिंग कंपनी काढली. आज तुमच्या मोबाइलवर येणाऱ्या पॅकेजच्या पीडीएफचे ते आद्य पूर्वज.

उंचीचं आधी मिटवून टाकू. मेराची तीन टोकं आहेत. ६,४७६ मीटर हे उत्तर टोक. बहुतेक गट जातात ते मधल्या टोकावर, ६,४६१ मीटरवर. बऱ्याच कागदांवर आणि प्रमाणपत्रांवर मात्र ६,६५४ असा आकडा दिसतो. शेजारच्या 'पीक ४१'शी नकाशात झालेल्या गोंधळातून तो आला आणि चिकटून बसला. घरी येऊन फ्रेम करायची असेल तर खुशाल करा, पण मित्रांना खरा आकडा सांगा.

आता मुद्द्याचं. दोन्ही शिखरं माणसाला परत पाठवतात, पण कारणं वेगवेगळी असतात.

आयलंडची परीक्षा शेवटच्या टप्प्यात असते. हिमनदी ओलांडली की समोर बर्फाची भिंत उभी राहते. साधारण शंभर मीटरची, पंचेचाळीस अंशांच्या आसपासची, काही वर्षी त्याहून खडी. तिच्यावर फिक्स रोप, म्हणजे कायम बांधून ठेवलेले दोर, लावलेले असतात. जुमार वर सरकवायचा, पाय मारायचा, श्वास घ्यायचा, पुन्हा जुमार. त्यानंतर अरुंद धार आणि तिच्या टोकावर दाटीवाटीने उभं राहण्याइतकी जागा. खालच्या हिमनदीत भेगा रुंदावल्या असतील तर आडव्या टाकलेल्या ॲल्युमिनियमच्या शिडीवरून क्रॅम्पॉन घालून चालावं लागतं.

त्या भिंतीखाली मी रांगेत उभा होतो तेव्हाचं सांगतो. पुढचा माणूस दमलेला नव्हता. चांगला मॅरेथॉन धावणारा गडी. तो अडला होता दोर बदलताना. दोन दोर जिथे अँकरला, म्हणजे बर्फात ठोकलेल्या आधाराला, बांधलेले असतात तिथे आधी सेफ्टीचा कॅराबिनर (हार्नेसला जोडलेली खटक्याची कडी) वरच्या दोरात टाकायचा, मग जुमार काढायचा आणि वरच्या दोरावर चढवायचा. क्रम चुकला तर क्षणभर तुम्ही कशालाच अडकलेले नसता. त्याच्या हातात जाड मिट्स, जुमारचा खटका काही उघडेना. शेवटी त्याने मिट काढला आणि दोन मिनिटांत बोटं लाकडासारखी झाली. वरून शेर्पा ओरडतोय, "दाई, पहिला सेफ्टी, पहिला सेफ्टी!" आणि खाली आम्ही बारा जण पाय आपटत उभे. त्याची तयारी कमी नव्हती, वेगळ्याच गोष्टीची होती.

मेरावर असली भिंत नाही. मेरा ला ही ५,४१५ मीटरवरची खिंड आली की पुढे रुंद, पसरट हिमनदी. चढ बहुतांशी मंद. अगदी शेवटी, शिखराच्या घुमटाशी, काही मीटरचा खडा तुकडा, तेवढ्यापुरता दोर. तांत्रिकदृष्ट्या मेरा सोपं, हे खरं. पण सपाट बर्फावर धुकं आलं की वर-खाली काही कळत नाही, भेगा बर्फाने झाकलेल्या असतात आणि वारा अडवायला काही नाही. मेराची थंडी हा स्वतंत्र विषय आहे. पहाटे उणे वीस आणि त्यावर वारा हे तिथे नेहमीचंच.

एक गंमत बघा. आयलंडचा बेस कॅम्प साधारण ५,१०० मीटरवर. बरेच गट हाय कॅम्प, म्हणजे बेस कॅम्पच्या वरचा तळ, न लावता तिथूनच रात्री एकच्या सुमाराला निघतात, म्हणजे एका दिवसात सुमारे अकराशे मीटर चढाई. मेराचा हाय कॅम्प ५,७८० मीटरवर. तिथून मधलं टोक सातशे मीटरही नाही. उंच शिखराचा समिट डे, म्हणजे शिखर गाठायचा दिवस, लहान आणि ठेंगण्या शिखराचा मोठा! मेरा त्याची वसुली आदल्या रात्री करतं. ५,५०० मीटरच्या आसपास हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा होतो, आणि तुम्ही त्याच्याही वर तंबूत पडलेले असता. झोप नाही, भूक नाही, बाटलीतलं पाणी गोठू नये म्हणून ती स्लीपिंग बॅगेत घेऊन पडायचं. शिखरावरून बहुतेक जण त्याच दिवशी खाली खारेला, ५,०४५ मीटरवर उतरतात. ती चौदाशे मीटरची उतराई गुडघ्यांना पुढे चार दिवस आठवते.

पण खरा फरक शिखरावर नाहीच, तिथवर नेणाऱ्या वाटेवर आहे. नियोजन करताना सगळ्यात कमी लक्ष तिकडेच दिलं जातं.

आयलंडची वाट म्हणजे एव्हरेस्ट बेस कॅम्पची मळलेली वाट. फाकडिंग, नामचे (३,४४०), तेंगबोचे, डिंगबोचे (४,४१०), छुखुंग (४,७३०). चढ टप्प्याटप्प्याने आहे आणि नामचे-डिंगबोचेला मुक्काम वाढवायचा रिवाजच पडलाय. लॉजमध्ये गरम जेवण, खुंदेला हॉस्पिटल, हंगामात फेरिचेला डॉक्टर. हाताशी दिवस असतील तर आधी बेस कॅम्प आणि कालापत्थर करून मग छुखुंगला यावं. शरीर ५,५००ची चव घेऊन आलेलं असतं.

मेराची वाट हिंकू खोऱ्यातून, मकालू बरुण राष्ट्रीय उद्यानातून जाते. गर्दी कमी, जंगल दाट, लॉज साधी. थाकनाकच्या परिसरात नदीपात्रात पसरलेला दगडगोट्यांचा पट्टा दिसतो. १९९८मध्ये वरचं हिमसरोवर फुटून आलेल्या पुराची ती खूण. (आयलंडच्या पायथ्याशीही असंच इम्जा सरोवर आहे. फुटण्याच्या धास्तीने २०१६मध्ये त्याची पातळी सुमारे साडेतीन मीटरने उतरवली.) इथे आजारी पडलात तर जवळपास दवाखाना नाही, हेलिकॉप्टर बोलवायचं आणि ढगांनी वाट दिली तर ते येणार.

म्हणून मेराचं वेळापत्रक पीडीएफमध्ये बोट ठेवून वाचा. माझ्या हातात एकदा जे आलं होतं त्यात दुसऱ्या दिवशी लुकलावरून छुटांगा, सुमारे ३,००० मीटर, आणि पुढच्याच मुक्कामाला झत्रवा ला ही ४,६००ची खिंड ओलांडून ४,३००वर झोपायचं होतं. तीन हजारांच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, असा डॉक्टरांचा साधा नियम. इथे एका दिवसात दुप्पट-अडीचपट उडी. मी फोन करून विचारलं तर पलीकडून आवाज, "सर, फिट लोक आरामात करतात." इथेच मेख आहे. फिटनेस आणि उंचीची सवय यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. राजमाची एका दमात पळणारा माणूस उंचीवर उलट लवकर आजारी पडू शकतो, कारण तो भराभर वर जातो आणि डोकं दुखलं तरी गप्प बसतो.

मेराला जाताना पांगोमवरून लांबची वाट धरावी. तीन-चार दिवस जास्त लागतात, खालच्या उंचीवर चढ-उतार करत आपण कोथेला (३,६००) येतो. झत्रवा ला परतीला ठेवावी, तोवर शरीर तयार झालेलं असतं. तरीही कोथे ते थाकनाक आणि थाकनाक ते खारे या दोन्ही उड्या सातशेच्या घरातल्या. त्यामुळे थाकनाक आणि खारे, दोन्हीकडे एकेक जादा रात्र हवीच. नसेल तर मागून घ्या. नाही म्हणाले तर दुसरी कंपनी बघा. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी घ्यायची का, किती, हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारा. सल्फाची ॲलर्जी असेल तर आवर्जून सांगा. गोळीने सुट्टीचे दिवस मात्र वाढत नाहीत.

तर निवड कशी करायची? माझं मत विचाराल तर आपली कमजोरी बघून. दोराची भीती वाटते, खाली बघितलं की पोटात गोळा येतो, पण अठरा दिवस रजा मिळते आणि थंडी सोसते, त्याने मेरा घ्यावं. लिंगाण्याला गेलाय, अलंग-मदनच्या पॅचवर मजा येते, आणि बेस कॅम्पची वाटही बघायची आहे, त्याने आयलंड. चौदा दिवसांचीच रजा असेल तर दोन्ही सोडा, खरंच.

तयारीही त्याच हिशेबाने. मेरासाठी सलग दोन-तीन दिवस पाठीवर वजन घेऊन चालायची सवय लावा, हरिश्चंद्रगडाला वेगवेगळ्या वाटांनी घाला घिरट्या. आयलंडसाठी एखाद्या क्लबबरोबर दोरावर जुमारिंग आणि रॅपलिंग, तेही जाड हातमोजे घालून. मी घरी गॅलरीच्या ग्रिलला दोर बांधून, फ्रीजरमध्ये गार केलेला जुमार हातात घेऊन अँकर बदलायचा सराव केला. बायकोने फोटो काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला, सासरे अजून विचारतात. उत्तरकाशी, दार्जिलिंग किंवा मनालीचा गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स झालेला असेल तर उत्तमच. नसेल तर बेस कॅम्पवर किंवा खारेला मिळणाऱ्या अर्ध्या दिवसाच्या प्रशिक्षणावर भिस्त ठेवू नका. पाच हजारांवर नवीन गाठ डोक्यात शिरत नाही.

बाकीच्या गोष्टी दोन्हींना सारख्याच. आपल्याला व्हिसा लागत नाही, पण विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं, आधार कार्डावर विसंबू नका. गर्दीच्या हंगामात लुकलाची विमानं बहुतेक वेळा काठमांडूऐवजी रामेछापहून सुटतात, म्हणजे मध्यरात्री उठून चार-पाच तास गाडी. लुकलाला ढग आले की विमानं दोन-दोन दिवस बंद, त्यामुळे परतीचं मुंबईचं तिकीट ऐसपैस ठेवा. विम्याच्या कागदात उंचीची मर्यादा शोधा. बऱ्याच पॉलिसी सहा हजारांच्या आतच थांबतात आणि काहींत 'दोर वापरून केलेली चढाई' वगळलेली असते. बूट डबलच (आत वेगळा उबदार बूट असलेले) लागतात. काठमांडूच्या ठमेल भागात भाड्याने मिळतात, मात्र क्रॅम्पॉन त्याच बुटाला दुकानातच बसवून, हलवून बघा.

आणि एक अपेक्षाभंग आधीच सांगून ठेवतो. आयलंडवरून एव्हरेस्ट दिसत नाही. ल्होत्सेची दक्षिण भिंत इतकी जवळ आणि इतकी आडवी उभी असते की मागचं सगळं झाकून टाकते. मेरावरून मात्र, हवा स्वच्छ असेल तर, एव्हरेस्ट, ल्होत्से, मकालू, चो ओयू आणि दूरवर कांचनजंगा, पाच आठहजारी एका नजरेत येतात.

"मग दोन्ही एकाच फेरीत नाही का होत?" होतात. मेरावरून हुंगू खोऱ्यात उतरून अंफू लाप्त्सा नावाच्या ५,८४५ मीटरच्या खिंडीतून थेट इम्जाच्या बाजूला जाता येतं. फक्त ती खिंडच या दोन्ही शिखरांपेक्षा अवघड आहे, आणि जो ती सहज ओलांडू शकतो तो 'सोपं कुठलं' म्हणून विचारत बसत नाही.