अमेरिकी कॉलेजांचे सॉकर समर कॅम्प: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाचा क्रम

जून-जुलैत अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांच्या मैदानांवर सॉकरचे ‘आयडी कॅम्प’ (संघासाठी खेळाडू हेरण्याची शिबिरे) भरतात. एक ते चार दिवस, शिकवायला कॉलेजचेच प्रशिक्षक आणि समोर नववी ते बारावीची मुले-मुली. न्यू जर्सी किंवा बे एरियातले मराठी पालक असोत, नाहीतर पुण्या-मुंबईहून मुलाला पाठवू पाहणारे, सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: कॅम्पमध्ये चांगला खेळला तर निवड होईल का? पण खेळ कितीही आवडला तरी गुणपत्रक नियमात बसत नसेल, तर प्रशिक्षकाचे हात बांधलेले असतात. त्यामुळे तयारी कागदांपासून सुरू करावी.

आधी एक गैरसमज. कॅम्पच्या आमंत्रणाची ईमेल आली म्हणजे मुलाची दखल घेतली गेली, असे नाही. एनसीएए या कॉलेज खेळांच्या मुख्य संघटनेच्या नियमानुसार कॉलेजला असा कॅम्प सर्वांसाठी खुला ठेवावा लागतो. मर्यादा घालायची तर संख्या, वय, इयत्ता आणि लिंग एवढ्यावरच घालता येते. म्हणून एकच मजकूर मोठ्या यादीला पाठवला जातो. ईमेलमध्ये मुलाच्या एखाद्या सामन्याचा, मैदानावरच्या त्याच्या जागेचा किंवा पाठवलेल्या व्हिडिओचा उल्लेख असेल तर गोष्ट वेगळी.

कोणत्या गटासाठी कोणते नियम

एनसीएएने कॉलेजांचे तीन गट म्हणजे डिव्हिजन केले आहेत. त्यांतले डिव्हिजन १ आणि २ खेळासाठी शिष्यवृत्ती देतात. डिव्हिजन ३ देत नाही, तिथे अभ्यासावर किंवा घरच्या उत्पन्नावर मदत मिळते. आयव्ही लीगची कॉलेजे डिव्हिजन १मध्ये असूनही खेळाची शिष्यवृत्ती देत नाहीत. एनएआयए ही वेगळी संघटना असून तिचे पात्रता केंद्रही वेगळे आहे. दोन वर्षांच्या ज्युनियर कॉलेजांची संघटना एनजेसीएए.

डिव्हिजन १मध्ये पूर्वी पुरुष संघाला ९.९ आणि महिला संघाला १४ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती आणि त्याही तुकड्यांनी वाटल्या जात. जून २०२५मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या हाउस तडजोडीत (कॉलेज खेळाडूंनी एनसीएएवर केलेल्या खटल्यातला समझोता) सामील झालेल्या कॉलेजांना ही मर्यादा उरली नाही, पण संघात जास्तीत जास्त २८ खेळाडूंची अट आली. मोठा संघ बाळगणाऱ्या कॉलेजांत शिष्यवृत्तीशिवाय संघात शिरण्याच्या जागा त्यामुळे कमी झाल्या. कॅम्पचे पैसे भरण्यापूर्वी त्या संघाची सध्याची यादी उघडून आपल्या जागेवर कितीजण आहेत आणि त्यातले किती पुढच्या दोन वर्षांत पदवीधर होणार, हे मोजावे. गोलरक्षकासाठी ही मोजणी सर्वात महत्त्वाची, कारण तीन तरुण गोलरक्षक असलेला संघ चौथ्याला सहसा जागा देत नाही.

अभ्यासाची पात्रता

डिव्हिजन १साठी नववी ते बारावीत १६ ‘कोअर कोर्स’ (वर्षभराचे मुख्य विषय) हवेत. त्यात इंग्रजीची ४ वर्षे, गणिताची ३ (अल्जिब्रा १ किंवा त्यापुढचे), विज्ञानाची २, सामाजिक शास्त्रांची २, यांपैकी इंग्रजी, गणित किंवा विज्ञानाचे आणखी १ आणि उरलेली ४ याच विषयांतून किंवा परकी भाषा, तत्त्वज्ञान, तुलनात्मक धर्म यांतून. या १६ विषयांचा जीपीए, म्हणजे ४ पैकी सरासरी श्रेणीगुण, किमान २.३ लागतो. डिव्हिजन २लाही १६च विषय, पण वाटणी थोडी सैल आणि जीपीए २.२. जानेवारी २०२३पासून एनसीएएच्या पात्रतेसाठी एसएटी किंवा एसीटीची गरज नाही. कॉलेज मात्र प्रवेशासाठी ती मागू शकते. एमआयटी डिव्हिजन ३मध्ये खेळते आणि तिथे या परीक्षांचे गुण लागतात.

सर्वात जास्त मुले अडकतात ती डिव्हिजन १च्या १०-७च्या नियमात. अमेरिकी हायस्कूलच्या मुलाने बारावी सुरू होण्यापूर्वी १६पैकी १० विषय पूर्ण केलेले असावे लागतात आणि त्यांतले ७ इंग्रजी, गणित व विज्ञानाचे. त्या वेळी या विषयांची श्रेणी गोठते. जीपीए वाढवायला तोच विषय पुन्हा घेऊन उपयोग होत नाही. म्हणजे दहावीत केमिस्ट्रीत ‘डी’ मिळाला तर दुरुस्तीची संधी बारावी सुरू होईपर्यंतच.

जीपीए शाळेच्या प्रगतिपत्रकावरून ओळखू नये. एनसीएए फक्त कोअर विषय धरते आणि अधिक-उणे मानत नाही: बी प्लसलाही ३ आणि बी मायनसलाही ३. ए म्हणजे ४, सी म्हणजे २, डी म्हणजे १. एका सत्राचा विषय अर्धा धरून बेरीज करावी. १६ विषयांवर २.३ म्हणजे एकूण ३६.८ गुण. वहीच्या पानावर हा हिशेब दर सत्राला करणाऱ्या मुलांना शेवटी धक्का बसत नाही. डिव्हिजन १मध्ये २.०० ते २.२९९ या पट्ट्यातल्या मुलाला पहिल्या वर्षी सराव व शिष्यवृत्ती मिळू शकते, सामना खेळता येत नाही.

दुसरी चूक: शाळेत विषय आहे म्हणजे तो मान्य आहे, असे गृहीत धरणे. प्रत्येक अमेरिकी हायस्कूलला सहा आकडी कोड असतो. तो घालून एनसीएएच्या संकेतस्थळावर त्या शाळेच्या मान्य विषयांची यादी बघता येते. विषयाचे नाव यादीत जसे आहे तसेच गुणपत्रकात असावे. नापास विषयासाठी घेतलेला उन्हाळी ऑनलाइन कोर्स अनेकदा इथेच मार खातो. शिक्षक आणि विद्यार्थी यांचा कोर्सभर नियमित संवाद नसेल तर तो धरला जात नाही. आठवीत केलेला अल्जिब्रा हायस्कूलच्या गुणपत्रकावर श्रेणी आणि क्रेडिटसह आला असेल तरच मोजतात.

खाते उघडणे

एनसीएए एलिजिबिलिटी सेंटरवर (पात्रता तपासणारे केंद्र) तीन प्रकारची खाती आहेत. मोफत प्रोफाइल पान हे अजून गट न ठरलेल्यांसाठी. डिव्हिजन १ किंवा २चा विचार असेल तर अभ्यास आणि खेळ दोन्हींचे प्रमाणपत्र देणारे सशुल्क खाते. तिसरे फक्त हौशी खेळाडू असल्याच्या प्रमाणपत्राचे. डिव्हिजन ३मध्ये जाणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यालाही ते लागते. अमेरिका आणि कॅनडाबाहेरच्यांना शुल्क जास्त आहे. एसएटीची फी माफ झालेल्या अमेरिकी विद्यार्थ्याला इथेही माफी मागता येते. नववी-दहावीत मोफत पानापासून सुरुवात करून नंतर खाते बदलता येते, त्यामुळे आधी पैसे भरायची घाई नको. मिळालेला एनसीएए क्रमांक प्रशिक्षकाला पाठवायच्या प्रत्येक ईमेलमध्ये लिहावा.

अकरावी संपताच शाळेच्या समुपदेशकाला गुणपत्रक थेट सेंटरला पाठवायला सांगावे. घरून पाठवलेली प्रत अधिकृत धरत नाहीत. दोन हायस्कुलांत शिकला असेल तर दोन्हींकडून. आणि एक बारकावा: कोणत्या तरी कॉलेजने मुलाला आपल्या विनंती यादीत घातल्याशिवाय सेंटर अंतिम मूल्यमापन करत नाही. खाते महिनोन्महिने तसेच पडून राहण्याचे हे नेहमीचे कारण आहे, आणि ते प्रशिक्षकाला विचारून सुटते.

प्रशिक्षक कधी बोलू शकतो

डिव्हिजन १ सॉकरमध्ये दहावीनंतरच्या १५ जूनपूर्वी प्रशिक्षकाला भरतीबद्दल फोन, ईमेल, मेसेज काहीच करता येत नाही. कॅम्पच्या मैदानावरही भरतीची गोष्ट काढता येत नाही. कॉलेजभेटी अकरावीपूर्वीच्या १ ऑगस्टपासून. नववीतल्या मुलाने पाठवलेल्या ईमेलला उत्तर येत नाही, ते या नियमामुळे. फार तर कॅम्पचे पत्रक आणि प्रश्नावली येते. ती प्रश्नावली जरूर भरावी. डिव्हिजन ३ आणि एनएआयएमध्ये मोकळीक अधिक आहे.

कॅम्पची ईमेल तीन-चार आठवडे आधी जावी आणि ती मुलाने स्वतः लिहावी. पालकांच्या खात्यावरून आलेली ईमेल प्रशिक्षकाला लगेच कळते आणि आवडत नाही. विषयाच्या ओळीत पदवीचे वर्ष, जागा, क्लब. आत उंची, कोणता पाय, जीपीए, क्लब प्रशिक्षकाचा संपर्क, येत्या सामन्यांचे वेळापत्रक, गुणपत्रकाची साधी प्रत आणि व्हिडिओचा दुवा. व्हिडिओ तीन ते पाच मिनिटांचा. पहिल्या तीस सेकंदांत सर्वोत्तम प्रसंग, प्रत्येक प्रसंगाच्या आधी खेळाडूभोवती वर्तुळ, संगीत नको. बचावपटूने फक्त टॅकल दाखवू नयेत, चेंडू मिळाल्यावर पुढे काय केले तेही दिसावे. सोबत एका पूर्ण सामन्याचा दुवा, कारण चेंडू जवळ नसताना मूल काय करते ते त्यातच कळते.

कॅम्पच्या अर्जासोबत

नोंदणी अर्ज, पालकांच्या सहीचे जबाबदारीमुक्तीचे पत्र, आरोग्य माहिती, डॉक्टरांनी सही केलेला शारीरिक तपासणीचा दाखला, विमा कार्डाची दोन्ही बाजूंची प्रत, लसीकरणाची नोंद आणि डोक्याच्या दुखापतीची माहिती वाचल्याची सही, एवढे बहुतेक ठिकाणी मागतात. तपासणी सहसा गेल्या १२ महिन्यांतली चालते, पण दाखल्यावर तारीख आणि डॉक्टरांचा शिक्का नसेल तर मुलाला पहिल्याच सत्रात कडेला बसवतात. दम्याचा पंप किंवा ॲलर्जीचे इंजेक्शन असेल तर औषध देण्याच्या परवानगीचा वेगळा कागद लागतो. भारतीय डॉक्टरांचा दाखला चालेल का आणि भारतातला प्रवास विमा पुरेल का, हे कॅम्पच्या कार्यालयाला लेखी विचारावे.

पैसे भरण्यापूर्वी आणखी तीन गोष्टी विचाराव्यात: मुख्य प्रशिक्षक मैदानावर स्वतः असतील का, एका प्रशिक्षकामागे किती खेळाडू आणि रद्द केल्यास परतावा किती. अनेक कॉलेजांची नावे छापलेल्या कॅम्पमध्ये त्या कॉलेजांचे नेमके कोण येणार, हेही.

शरीराची तयारी सहा ते आठ आठवडे आधी सुरू व्हावी. निवासी कॅम्पमध्ये दिवसाला दोन-तीन सत्रे असतात आणि खेळ घसरतो तो दुसऱ्या दिवशी दुपारी. उन्हाची सवय व्हायला दहा-चौदा दिवस लागतात. रोजचा सराव संध्याकाळी करणाऱ्याने शेवटचे दोन आठवडे त्यातला थोडा भाग उन्हात करावा. गवताचे आणि कृत्रिम मैदानाचे असे दोन बूट न्यावेत, आणि नवे कोरे नेऊ नयेत.

महाराष्ट्र-गोव्यातून जाणाऱ्यांसाठी

इथली खरी अडचण म्हणजे नववी-दहावी एका शाळेत आणि अकरावी-बारावी दुसऱ्याच ज्युनियर कॉलेजात. चारही वर्षांची गुणपत्रके लागतात. दहावी-बारावीची बोर्डाची असतात. नववी आणि अकरावीची मात्र शाळा-कॉलेजच्या शिक्क्यासह मागून घ्यावी लागतात, आणि बारावीनंतर ती मिळवायला खेटे पडतात. अकरावीचा निकाल लागला की त्याच आठवड्यात मागावीत. मराठीत असलेल्या कागदासोबत अधिकृत इंग्रजी भाषांतर हवे.

नावाचा घोळ दुसरा. बोर्डाच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, मग मुलाचे, मग वडिलांचे नाव. पासपोर्टवर क्रम वेगळा. खाते पासपोर्टप्रमाणेच उघडावे आणि पहिल्या दिवसापासून क्लब, कॅम्प, विमा सगळीकडे तेच नाव ठेवावे.

कॉमर्सच्या मुलांनी अकरावीतच हिशेब करावा. अर्थशास्त्र सामाजिक शास्त्रांत धरले जाते, पण अकाउंट्स, ओसी (वाणिज्य संघटन), एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस) हे विषय कोअरमध्ये मोजले जातील असे गृहीत धरू नये. गणित सोडण्यापूर्वी तर शंभरदा विचार करावा.

हौशी दर्जासाठी नववीपासूनचे क्लब, स्पर्धा आणि एआयएफएफच्या (अखिल भारतीय फुटबॉल महासंघ) सीआरएस या खेळाडू नोंदणी प्रणालीवरची नोंदणी यांची यादी तयार ठेवावी. क्लबने प्रवास, किट, राहणे यांचा प्रत्यक्ष खर्च दिला असेल तर पावत्या जपाव्यात. मानधन, व्यावसायिक करार, एजंट यांबद्दल प्रश्नावलीत थेट विचारतात. जे घडले ते खरे लिहावे, कारण लपवलेला करार नंतर सापडला तर तो समजावून सांगण्याची संधीही राहत नाही. बारावीनंतर ड्रॉप घेऊन क्लबसाठी सामने खेळत राहणेही पुढच्या खेळण्याच्या वर्षांना कात्री लावू शकते.

श्रेयांक न मिळणाऱ्या अल्प मुदतीच्या कॅम्पसाठी बी-२ पर्यटक व्हिसा चालतो. मुलाखतीला कॅम्पचे नोंदणीपत्र, परतीचा बेत आणि शाळा सुरू होण्याची तारीख दाखवावी; ‘कॉलेजात निवड व्हायला जातोय’ असे अर्धवट उत्तर देऊ नये, कारण प्रवेशासाठी नंतर कॉलेजकडून आय-२० हा प्रवेशाचा दाखला मिळवून एफ-१ हा विद्यार्थी व्हिसाच घ्यावा लागतो. मूल एकटे जाणार असेल तर आई-वडिलांचे नोटरी केलेले संमतीपत्र सोबत द्यावे.

कॅम्पनंतर

दोन दिवसांत आभाराची छोटी ईमेल, त्यात प्रशिक्षकाने सांगितलेली एक सुधारणा आणि तिच्यावर काय सुरू केले ते. बारावीपूर्वीच्या उन्हाळ्यात प्रशिक्षक गुणपत्रक आणि बारावीच्या विषयांची यादी मागत असेल, तर तो ते प्रवेश कार्यालयाला आधी दाखवणार असतो. रस खरा असल्याची ही सर्वात भरवशाची खूण. प्रत त्याच दिवशी पाठवावी. तोंडी देकार दोन्ही बाजूंना बांधील नसतो. जुने नॅशनल लेटर ऑफ इंटेंट ऑक्टोबर २०२४मध्ये बंद झाले, आता बंधनकारक असतो तो कॉलेजचा लेखी शिष्यवृत्ती करार. त्यातली रक्कम आणि मुदत वाचूनच सही करावी. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कॉलेज सुरू होणाऱ्याने त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर खात्यात जाऊन हौशी दर्जाच्या अंतिम प्रमाणपत्राची विनंती नोंदवावी, आणि बारावीचा निकाल लागताच उत्तीर्ण झाल्याच्या तारखेसह अंतिम गुणपत्रक सेंटरला जाईल, याचा पाठपुरावा शाळेकडे करावा.