निळा स्प्रूस (कोलोरॅडो स्प्रूस)

निळा स्प्रूस हे अमेरिकेतल्या रॉकी पर्वतातलं सूचिपर्णी झाड, शास्त्रीय नाव पायसिया पंजेन्स. कोलोरॅडो, युटा, वायोमिंग, न्यू मेक्सिको या भागात साधारण १८०० ते ३००० मीटर उंचीवर, जास्त करून ओढ्या-नद्यांच्या काठानं वाढतं. १८६२ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ चार्ल्स पॅरी यांना ते कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक या शिखरावर सापडलं आणि १९३९ पासून ते कोलोरॅडोचं राज्यवृक्ष आहे. बागेत लावायला जगभर मागणी असते ती त्याच्या निळसर-चंदेरी रंगामुळे, पण नुसत्या रंगावरून झाड ओळखायला गेलात तर हमखास फसाल.

आधी स्प्रूस आहे का ते बघा. पाइनची पानं जुडीनं येतात, स्प्रूसची सुटी, एकेक. फरची पानं बहुतेक चपटी असतात, स्प्रूसचं सुईसारखं पान आडवं कापलं तर चौकोनी दिसतं, बोटांच्या चिमटीत सहज फिरतं आणि गळलं की फांदीवर बारीकसा खुंट मागे राहतो, त्यामुळे जुनी काडी हाताला खरखरीत लागते. (ख्रिसमसला मुंबई-पुण्यातल्या नर्सरीत जे 'ख्रिसमस ट्री' म्हणून मिळतं ते बहुतेक वेळा अरौकेरिया हे वेगळंच सूचिपर्णी झाड असतं, स्प्रूस नाही. खरा स्प्रूस आपल्या देशात बघायचाय तर हिमाचलात जा, तिथे त्याच्या हिमालयातल्या भावाला राई म्हणतात.)

आता तो निळा स्प्रूसच आहे का, ते कसं ओळखायचं? पानं ताठ, टोकाला चांगलीच टोचणारी. कोवळ्या काडीवर लव नसते. शंकू (म्हणजे बिया धरणारी खवल्यांची बोंडं) खाली लोंबणारे, फिकट पेंढ्याच्या रंगाचे, बहुधा ६ ते १० सेंटीमीटर, खवले पातळ आणि कडेला कुरतडल्यासारखे. शेजारीच पण जास्त उंचीवर वाढणाऱ्या एंगलमन स्प्रूसच्या काडीवर बारीक लव असते, शंकू लहान आणि पानं मऊ, त्यामुळे भिंग जवळ असलं तर काम सोपं होतं.

निळेपणा येतो पानावरच्या मेणाच्या थरामुळे. बोटानं चोळा, खालचा हिरवा रंग दिसतो, आणि कीड मारायला तेलाची फवारणी केली तरी निळेपणा जातो. रानात एकाच उतारावर हिरवी, राखाडी, निळी अशी सगळी झाडं मिसळून उगवतात. निळ्यांना 'ग्लॉका' म्हणायची पद्धत आहे, पण ती वेगळी जात नाही, एकाच जातीतला नैसर्गिक फरक आहे. बियांपासून केलेली रोपं म्हणूनच कमी-जास्त निळी निघतात, आणि 'हूप्सी', 'कोस्टर' यांसारखे पक्क्या रंगाचे बागेतले वाण कलम करूनच वाढवतात.