गरोदरपणात सर्दी-ताप: औषध नेण्याआधी एवढं वाचा

(आमच्या औषध दुकानातर्फे ग्राहकांसाठी)

"सर्दीची एक गोळी द्या." पावसाळा लागला की काउंटरवर दिवसभर हेच ऐकू येतं. गोळी कुणासाठी हवी, असं आम्ही विचारलं की काहींना राग येतो, गर्दीत तर जास्तच. तरीही आम्ही विचारत राहणार. बरेचदा औषध न्यायला नवरा, दीर नाहीतर शेजारचा मुलगा येतो आणि घरात जिला सर्दी झालीय तिला पाचवा महिना लागलाय, हे सांगायचंच राहून जातं. म्हणून आधी एक विनंती. दुकानात कुणालाही पाठवा, पण "गरोदर आहे, अमुक महिना आहे" एवढं सांगायला त्याला नक्की बजावा. रक्तदाब, मधुमेह, थायरॉईड किंवा दमा असेल तर तेही. चालू औषधांच्या चिठ्ठीचा मोबाईलवर काढलेला फोटो सोबत असला तर फारच उत्तम.

सर्दीची गोळी: एका गोळीत तीन-चार औषधं

पाकिटाच्या मागचा बारीक मजकूर वाचून पाहा. बहुतेक गोळ्यांत तापासाठी पॅरासिटामॉल, बंद नाकासाठी फिनाइलएफ्रिन आणि शिंका-पाण्यासाठी क्लोरफेनिरामिन असतं. काहींत कॅफीनही घातलेलं असतं. फिनाइलएफ्रिन रक्तवाहिन्या आकसवतं, नाक मोकळं व्हावं म्हणून ते घालतात. पण त्याचा परिणाम फक्त नाकापुरता राहत नाही. गरोदरपणात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत किंवा रक्तदाब वाढलेला असताना, ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. दुसरा धोका असा की सकाळी तापाची गोळी आणि दुपारी सर्दीची गोळी घेतली, तर पॅरासिटामॉल दोनदा पोटात जातं आणि ते लक्षातही येत नाही.

म्हणून आमचं स्पष्ट मत आहे, गरोदर बाईने एका वेळी एकच घटक असलेलं औषध घ्यावं. जो त्रास असेल त्याचंच औषध, बाकी काही नको.

ताप आणि अंगदुखीसाठी डॉक्टर गरोदरपणात सर्वांत आधी पॅरासिटामॉलच देतात. दोन डोसांमध्ये चार ते सहा तासांचं अंतर हवं. प्रौढ माणसासाठी २४ तासांत ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मि.ग्रॅ.च्या आठ गोळ्या, ही अगदी टोकाची मर्यादा आहे. वजन कमी असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर ती आणखी खाली येते. खरं तर तीन-चार गोळ्यांनीही ताप हटत नसेल, तर पुढची गोळी मोजत बसण्यापेक्षा डॉक्टरांना गाठावं.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. "बाळाला बाधेल" या भीतीने काही जणी १०२ ताप अंगावर काढतात. तसं करू नका. सुरुवातीच्या आठवड्यांत आईचा जोराचा ताप टिकून राहिला, तर बाळाच्या मेंदू आणि मणक्याच्या घडणीत दोष राहण्याचा धोका वाढतो. १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप गेला की तो उतरवायलाच हवा. घरात थर्मामीटर ठेवा, हाताच्या अंदाजावर विसंबू नका.

आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणि नाइमेसुलाइड या वेदनाशामकांपासून मात्र लांब राहा. पॅरासिटामॉलमध्ये आयब्युप्रोफेन मिसळलेल्या गोळ्या घरोघरी डोकेदुखीसाठी पडलेल्या असतात, त्याही यातच आल्या. विसाव्या आठवड्यानंतर या औषधांनी बाळाच्या मूत्रपिंडांवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. शेवटच्या तीन महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी बंद होण्याचा धोकाही असतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये याबद्दल खास इशारा दिला होता. आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. रक्तदाबाचा त्रास होऊ नये म्हणून तुमच्या डॉक्टरांनी कमी मात्रेची अॅस्पिरिन लिहून दिली असेल, तर हे पत्रक वाचून ती बंद करू नका. ती गोष्ट वेगळी आहे.

अँटिबायोटिकबद्दल थोडक्यात सांगतो. सर्दी आणि फ्लू विषाणूंमुळे होतात, त्यावर अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही. घरात उरलेली स्ट्रिप तर मुळीच वापरू नका. डॉक्सिसायक्लिनसारख्या औषधाचा बाळाच्या दातांवर आणि हाडांवर परिणाम होतो.

काढा, अडुळसा आणि "आयुर्वेदिक आहे, बाधत नाही"

हे वाक्य आम्ही फार वेळा ऐकतो आणि दर वेळी काळजी वाटते. अडुळशाचं सिरप आपल्याकडे खोकल्यावरचं घरगुती औषध मानतात. पण अडुळशातल्या व्हॅसिसिन या घटकाने गर्भाशय आकुंचन पावू शकतं, म्हणून गरोदरपणात ते नको. ज्येष्ठमध जास्त प्रमाणात आणि रोज घेतला तर रक्तदाब वाढतो, पोटॅशियम कमी होतं. वैद्यांकडून घ्यायचं असेल तर जरूर घ्या, पण त्यांनाही महिना सांगूनच.

स्वयंपाकघरातलं काय चालतं? चहातलं आलं, तुळशीची दोन-चार पानं, रात्रीचं हळदीचं दूध, चमचाभर मध, हे जेवणातल्या प्रमाणात असेल तर खुशाल घ्या. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांनी घशाला खरंच आराम पडतो. बंद नाकासाठी आमची पहिली पसंती सलाइनच्या थेंबांना आहे. ते नुसतं मिठाचं पाणी असल्यामुळे दिवसातून कितीही वेळा घातले तरी हरकत नाही. नाक लगेच मोकळं करणारे झायलोमेटाझोलिनसारखे थेंब मात्र विचारूनच घ्या. ते जास्त दिवस घातले की थांबवल्यावर नाक उलट आणखी बंद होतं.

वाफ घेताना उकळत्या पाण्याचं पातेलं मांडीवर किंवा पलंगावर ठेवू नका. पोटामुळे वाकताना तोल जातो आणि भाजण्याचे प्रकार असेच घडतात. पातेलं टेबलावर नीट टेकवा, वाफ जरा बसू द्या आणि पाण्यात काही टाकू नका.

तोंडाला चव नसेल तर जेवणाचा आग्रह नको, पण पाणी सुटता कामा नये. मऊ भात, तांदळाची पेज, मुगाचं कढण, कुळथाचं कढण, सूप, जे जाईल ते थोडं थोडं द्या. लोह आणि फॉलिक अॅसिडच्या गोळ्या चालू राहू द्यात. मधुमेह असेल तर साखरेचं कफ सिरप आणि चघळायच्या गोळ्या घेण्याआधी आम्हाला सांगा. खोकल्याच्या धक्क्याने बाळाला इजा होत नाही. बरगड्या दुखतात, लघवीचे थेंब जातात, दोन्ही नेहमीचं आहे. झोपताना डोक्याखाली एक उशी जास्त घ्या आणि कुशीवर झोपा.

ताप नाही, घसा दुखत नाही, पण नाक आठवडेच्या आठवडे चोंदलेलं आहे, असंही होतं. गरोदरपणातल्या संप्रेरकांमुळे नाकाच्या आतल्या त्वचेला सूज येते. ती बाळंतपणानंतर आपोआप ओसरते. त्यासाठी गोळ्या खात बसू नका.

फ्लू असेल तर थांबायचं नाही

सर्दी हळूहळू चढते, फ्लू एकदम आडवं करतो. थंडी वाजून ताप येतो, सगळं अंग ठेचल्यासारखं दुखतं, कोरडा खोकला सुरू होतो. गरोदरपणात हृदय आणि फुप्फुसांवर आधीच जादा भार असतो, प्रतिकारशक्तीही बदललेली असते. म्हणून याच आजाराने गरोदर बाईला न्यूमोनिया होण्याची भीती जास्त. २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लू पसरला तेव्हाची धास्ती अनेकांना आठवत असेल. फ्लूवरचं ओसेल्टामिविर हे औषध गरोदरपणात देता येतं. लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांत सुरू केलं तर त्याचा सर्वांत चांगला उपयोग होतो. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही, म्हणून पहिल्याच दिवशी दाखवा. पावसाळ्यात अंगदुखी आणि ताप आहे पण सर्दी-खोकला नाही, असं असेल तर डेंग्यू-मलेरियाची तपासणीही करून घ्या.

दम लागणं, छातीत दुखणं, ओठ निळसर दिसणं, बोटाच्या यंत्रावर ऑक्सिजन ९५ च्या खाली जाणं, लघवी फार कमी होणं, भान हरपल्यासारखं वाटणं, बाळाची हालचाल मंदावणं, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं: यातलं एकही दिसलं तर आमच्याकडे येऊ नका, थेट रुग्णालयात जा. १०८ किंवा १०२ वर फोन केला की रुग्णवाहिका मोफत मिळते.

फ्लूची लस

आपल्याकडे फ्लूची साथ पावसाळ्यात जोर धरते आणि जानेवारी ते मार्चमध्ये पुन्हा डोकं वर काढते. इंजेक्शनने देतात ती लस मृत विषाणूंची असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार ती गरोदरपणाच्या कोणत्याही महिन्यात घेता येते. नाकात फवारायची लस जिवंत विषाणूंची असते, ती नको. महाराष्ट्रात २०१५ पासून सरकारी रुग्णालयांत गर्भवतींना ही लस मोफत देण्याची सोय सुरू झाली. सध्या साठा कुठे आहे ते आशाताईंना किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात विचारा, आणि लस घेतल्यावर माता-बाल संरक्षण कार्डावर नोंद करून घ्या. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फ्लूची लस देता येत नाही. त्या काळात त्याला संरक्षण मिळतं ते आईने गरोदरपणी घेतलेल्या लसीमुळेच.

बाळंतपणानंतर तुम्हाला सर्दी किंवा फ्लू झाला तरी अंगावर पाजणं थांबवू नका. हात साबणाने धुवा, मास्क लावा आणि पाजत राहा. दुकानात औषध मागताना मात्र "बाळ अंगावर पितंय" हे आवर्जून सांगा.