खासगी क्लाउडमधील लॉजिकल व्हॉल्यूम साठवण

एक किंवा अनेक डिस्कांची जागा एकत्र करून तिच्यातून गरजेप्रमाणे लहानमोठे भाग काढून देण्याची लिनक्समधील पद्धत. रोजच्या बोलण्यात एलव्हीएम (लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजर). हाइन्झ मॉएल्सहागेन यांनी १९९८ मध्ये एचपी-यूएक्स या ऑपरेटिंग सिस्टिममधील व्हॉल्यूम मॅनेजरच्या धर्तीवर ती लिनक्ससाठी लिहिली. ओपनस्टॅक या क्लाउड सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या खासगी क्लाउडमध्ये व्हर्च्युअल मशिनांना डिस्क पुरवणारी सिंडर ही सेवा तिचा आधार घेऊ शकते. सिंडर २०१२ च्या फॉलसम आवृत्तीत नोव्हापासून, म्हणजे ओपनस्टॅकच्या मशिने चालवणाऱ्या सेवेपासून, वेगळी झाली.

डिस्क आधी फिजिकल व्हॉल्यूम होते, अशा डिस्कांचा व्हॉल्यूम ग्रुप बनतो आणि ग्रुपमधून लॉजिकल व्हॉल्यूम कापले जातात. जागेचे माप एक्स्टेंट, सहसा ४ एमबीचा. १०० जीबीच्या व्हॉल्यूमला असे २५,६०० लागतात. ते सलग असण्याची सक्ती नाही, म्हणून चालू व्हॉल्यूमही वाढवता येतो.

साठवणीच्या नोडवर (सर्व्हरवर) कोरी, वेगळी डिस्क घ्यावी. डिस्कचे फिजिकल व्हॉल्यूम करणारी पीव्हीक्रिएट ही आज्ञा चालवताना जुनी फाइलसिस्टिम सापडली तर ती पुसायची का, असा प्रश्न स्क्रीनवर येतो. तिथे घाईने ‘वाय’ दाबू नये. थांबून डिस्क तीच आहे ना, हे पाहावे. पुढे व्हीजीक्रिएटने ग्रुप करायचा. सिंडर मुळात ‘सिंडर-व्हॉल्यूम्स’ याच नावाचा ग्रुप शोधते. त्यातला प्रत्येक व्हॉल्यूम बहुधा आयस्कझी या नेटवर्कवरून डिस्क जोडण्याच्या पद्धतीने मशिनपर्यंत जातो.

सर्वांत जास्त वगळली जाणारी पायरी म्हणजे एलव्हीएमच्या कॉन्फिग फाइलमधला, कोणती डिस्क चाळायची ते ठरवणारा फिल्टर. भाडेकरूने (क्लाउड वापरणाऱ्याने) आपल्या व्हॉल्यूमच्या आत स्वतःचे एलव्हीएम केले, तर नोडचे एलव्हीएम तेही स्वतःचे समजून चाळू लागते आणि गोंधळ होतो. म्हणून ठरावीक डिस्कांना परवानगी देऊन बाकी सर्व नाकारायचे. नोडची ऑपरेटिंग सिस्टिमही एलव्हीएमवर असेल तर तिची डिस्क परवानगीत हवीच, नाहीतर नोड पुन्हा सुरू करतानाच अडचण येते. ‘एसडीबी’सारखी डिस्कांची नावे रीबूटनंतर बदलू शकतात, तेव्हा फिल्टरमध्ये डिस्कची कायम ओळख लिहिणे चांगले.

थिन पूल, म्हणजे लिखाण होईल तशी जागा देणारा सामाईक साठा, वापरला तर प्रत्यक्षात असलेल्या जागेपेक्षा जास्त जागा वाटता येते. सिंडरची मूळ मर्यादा २० पट आहे. लहान कार्यालयाच्या सर्व्हरवर हा आकडा फार मोठा आहे, दीड-दोन पटींवर ठेवावा. पूल भरला की लिखाण मुळात ६० सेकंद थांबून राहते, मग चुका येऊ लागतात आणि आतल्या फाइलसिस्टिमला धोका पोहोचतो. पूल आपोआप वाढण्याची मर्यादा मुळात १०० टक्के असते, म्हणजे तो कधीच वाढत नाही. ती ७० वर आणावी, ग्रुपमध्ये मोकळे एक्स्टेंट राखावेत आणि एलव्हीएस या आज्ञेच्या यादीत डेटाइतकाच मेटाडेटाचा (कोणती जागा कुठे आहे याच्या नोंदींचा) रकानाही पाहावा. मेटाडेटाची जागा लहान असते, पण भरली की पूल अडतो.

साधा लॉजिकल व्हॉल्यूम डिस्क बिघडण्यापासून वाचवत नाही. त्यासाठी खाली रेड (एक डिस्क गेली तरी डेटा टिकवणारी अनेक डिस्कांची रचना) लागते. एलव्हीएम प्रत्येक बदलानंतर व्हॉल्यूमच्या मांडणीच्या मेटाडेटाची प्रत ठेवते, पण तिच्यावरून फक्त मांडणी परत उभी राहते. आतल्या डेटाचा बॅकअप दुसऱ्या नोडवर घ्यावा लागतो.