निकाराग्वा खूणभाषा

निकाराग्वा खूणभाषा ही मध्य अमेरिकेतील निकाराग्वा या देशातील कर्णबधिर समाजाची भाषा असून, १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून ती मुलांच्या आपसांतील व्यवहारातून घडत गेली. बहुतेक भाषांचा उगम काळाआड गेलेला असताना या भाषेचे पहिले बोलणारे आणि त्यांच्याकडून ती उचलणारी मुले यांचा अभ्यास एकाच काळात करता आला, यातच तिचे असाधारण मोल आहे.

त्यापूर्वी तेथील कर्णबधिर मुले बहुधा एकमेकांपासून दूर, आपापल्या घरी वाढत आणि त्यांनी जुळवलेल्या खुणा त्या घरापुरत्याच राहत. १९७७ मध्ये राजधानी मानाग्वा येथील विशेष शिक्षण केंद्रात सुमारे ५० मुले एकत्र आली; १९७९च्या सांदिनिस्ता क्रांतीनंतर, १९८० मध्ये, व्यवसाय-शिक्षणाची शाळा निघाली आणि १९८३ पर्यंत दोन्ही शाळांतील विद्यार्थ्यांची संख्या ४००च्या वर गेली. शिक्षकांचा भर स्पॅनिश बोलण्यावर आणि ओठवाचनावर होता. ते फारसे साधले नाही. मात्र वर्गाबाहेर मुलांनी घरून आणलेल्या खुणा एकमेकांत मिसळल्या आणि त्यांतून सर्वांना समजेल असा खुणांचा साठा तयार झाला. १९८६ मध्ये शासनाने जुडी केगल या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ स्त्रीला पाचारण केले, तेव्हा धाकट्या मुलांच्या खुणा थोरल्यांपेक्षा अधिक सफाईदार आणि नियमबद्ध असल्याचे दिसून आले.

हा फरक एका प्रसंगातून स्पष्ट होतो. उतारावरून गडगडत खाली जाणारे मांजर सांगताना पहिल्या पिढीतील माणसे गडगडणे आणि खाली जाणे या दोन्ही गोष्टी हाताच्या एकाच हालचालीत दाखवीत, जसे ऐकू येणारी माणसे बोलता बोलता हातवारे करतात. नंतर आलेली मुले बहुधा आधी ‘गडगडणे’ आणि मग ‘खाली जाणे’ अशा दोन सुट्या खुणा एकापुढे एक करीत. अ‍ॅन सेंगास आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये हे निरीक्षण प्रसिद्ध केले. प्रत्यक्षात एकजीव असलेली घटना दोन घटकांत फोडण्याने वर्णन लांबते खरे, परंतु सुटा झालेला घटक दुसऱ्या वाक्यात, दुसऱ्या घटकाशी जोडता येतो आणि व्याकरणाची बैठक तेथेच पडते. हे कोणी शिकवलेले नव्हते. थोरल्यांकडून मिळालेले भाषाधन मुलांनी जसेच्या तसे ठेवले नाही, शिकता शिकताच त्याची घडण बदलली.

भाषा आणि विचार यांच्या नात्यावरही या समाजाने मोलाचा प्रकाश टाकला आहे. ‘त्याला वाटते’, ‘तिला ठाऊक आहे’ अशा मनोव्यापाराच्या खुणा पहिल्या पिढीतील प्रौढांकडे तुटपुंज्या होत्या. दुसऱ्याची समजूत चुकीची असू शकते आणि तो तिच्यानुसारच वागेल, हे ओळखण्याच्या चाचणीत ते त्यांच्याहून लहान वयाच्या लोकांपेक्षा मागे पडले. सुमारे दोन वर्षांनी, या खुणा त्यांच्या बोलण्यात वाढल्यावर, त्यांपैकी काहींची चाचणीतील कामगिरीही सुधारली, असे जेनी पायर्स आणि सेंगास यांच्या २००९च्या संशोधनात आढळते. एवढ्यावरून भाषेवाचून विचारच नाही, असे म्हणणे अतिरेकाचे होईल. पण आयुष्याचा अनुभव अधिक असूनही जे उमगले नव्हते, ते शब्दसंपदेच्या सोबतीने उमगू लागले, ही गोष्ट लहान नव्हे. भाषा येथे धाकट्यांकडून थोरल्यांकडेही गेली असावी, असे मानण्यास जागा आहे.