व्हीटेकचा धक्का आणि सलग पिकअप: व्हॉल्व्ह टायमिंगची पार्श्वभूमी

व्हीटेक, म्हणजे ठरलेल्या वेगाला इंजिनाच्या व्हॉल्व्हची उघडझाप बदलणारी यंत्रणा, असलेल्या होंडाच्या जुन्या गाड्यांचे चाहते एका क्षणाची वाट बघत अ‍ॅक्सिलरेटर दाबून ठेवतात. काटा पाच हजार आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) पुढे जातो, इंजिनाचा आवाज बदलतो आणि गाडी एकदम झेपावते. या झेपेचं कौतुक भरपूर झालं. इंजिनाचं ट्यूनिंग, म्हणजे बारीक जुळवणी, करणारा मात्र तिच्याकडे वेगळ्या नजरेने बघतो. झेप जाणवली, याचा अर्थ तिच्या आधी इंजिनाची ओढ पडलेली होती. ही पडलेली ओढ भरून काढायला अभियंत्यांना बरीच वर्षं लागली.

मुळातली अडचण वेळेची आहे. 1,000 आरपीएमला पिस्टन वरून खाली यायला 30 मिलिसेकंद घेतो. 6,000 ला हाती उरतात फक्त 5. वेगात आत घुसणाऱ्या हवेला स्वतःचा जोर असतो, त्यामुळे पिस्टन तळाला जाऊन वर वळला तरी इनटेक व्हॉल्व्ह (हवा आत घेणारी झडप) थोडा उशिरा बंद केलेला फायद्याचा ठरतो. तोच उशीर कमी आरपीएमला महागात पडतो, कारण आत आलेली हवा पिस्टन परत बाहेर ढकलतो. इनटेक आणि एक्झॉस्ट (जळका वायू बाहेर सोडणारा) व्हॉल्व्ह काही काळ एकत्र उघडे ठेवण्याचंही तसंच आहे. वरच्या आरपीएमला ते उपयोगी, पण आयडलिंगला जळका वायू ताज्या मिश्रणात मिसळतो आणि इंजिन थरथरतं. व्हॉल्व्ह उघडणारा उंचवट्यांचा दांडा, म्हणजे कॅमशाफ्ट किंवा कॅम, एकच आणि त्याची ठेवण कायमची, म्हणून कंपनीला कुठेतरी मधला बिंदू धरावा लागे.

वाफेच्या इंजिनाने हा प्रश्न फार आधी सोडवला होता. 1842 ची स्टीफन्सन गिअर आणि 1844 ची बेल्जियन वालशार्ट्स गिअर यांमुळे ड्रायव्हर एका दांड्याने वाफ किती वेळ आत सोडायची ते बदलू शकत असे. गाडी हलवताना जास्त वेळ, वेग आला की कमी. पेट्रोल इंजिन मिनिटाला हजारो फेरे घेतं, तिथे हे जमायला विसावं शतक सरत आलं. विक्रीला आलेल्या मोटारींमध्ये पहिला मान सहसा 1980 च्या अल्फा रोमिओ स्पायडरला दिला जातो. अमेरिकेतले धुराचे नियम पाळायचे आणि आयडलिंगही शांत ठेवायचं, यासाठी जिआंपाओलो गार्सेआ यांच्या यंत्रणेने इनटेक कॅम दोन स्थितींमध्ये फिरवला.

होंडाची वाट निराळी होती. 1983 च्या सीबीआर400एफ मोटरसायकलमध्ये कमी आरपीएमला प्रत्येक सिलिंडरचे दोन व्हॉल्व्ह चालत आणि वर चारही. त्यानंतर इकुओ काजितानी यांच्या चमूने 1989 च्या इंटेग्रात व्हीटेक आणलं. व्हॉल्व्हच्या प्रत्येक जोडीसाठी कॅमवर तीन उंचवटे होते. खालच्या आरपीएमला बाजूचे दोन काम करत. ठरलेल्या आरपीएमला तेलाच्या दाबाने पिना सरकत, उंचवटा आणि व्हॉल्व्ह यांच्यामधले तिन्ही रॉकर आर्म एकमेकांना जखडले जात आणि मधला मोठा उंचवटा सगळं हाती घेई. 1.6 लिटर इंजिनातून, टर्बोशिवाय, 160 अश्वशक्ती. लिटरला शंभर! आजही मला हे काम थक्क करतं.

पण या रचनेत एक सांधा आहे, आणि ट्यूनिंगची सगळी मेख त्या सांध्यात आहे. डायनोवर (इंजिनाचा जोर मोजणाऱ्या यंत्रावर) गाडी दोनदा ओढायची, म्हणजे खालपासून वरच्या आरपीएमपर्यंत पळवायची, एकदा फक्त छोट्या कॅमवर, एकदा फक्त मोठ्या कॅमवर. टॉर्कच्या (फिरवणाऱ्या जोराच्या) दोन रेषा एकमेकींवर ठेवल्या की त्या एका ठिकाणी छेदतात. बदल तिथेच हवा. उशीर केला तर आधी ओढ पडते आणि मग धक्का बसतो. घाई केली तर गाडी क्षणभर दबते. पेट्रोल आणि इग्निशनचे मॅपही (आकड्यांचे तक्तेही) दोन्ही कॅमसाठी वेगळे लावावे लागतात, नाहीतर टॉर्क जुळूनही गाडी हिसका देते. शिवाय वर जाताना आणि खाली येताना बदलाचा आरपीएम थोडा वेगळा ठेवतात, म्हणजे एकाच वेगाने चालवताना यंत्रणा मागेपुढे करत नाही.

होंडाच्या 2002 च्या व्हीएफआर800 वर याच सांध्यामुळे टीका झाली. वळणात झुकलेल्या दुचाकीला अचानक वाढलेली ओढ नको असते. 2006 मध्ये कंपनीने बदलाचा बिंदू खाली आणून तो सौम्य केला. आपल्याकडची, 2018 साली आलेली यामाहा आर15 व्ही3 दोन उंचवट्यांचा इनटेक कॅम 7,400 आरपीएमला बदलते. तिच्या 155 सीसी इंजिनात हा सांधा बराच मऊ बसला आहे.

खरी सलगता आली ती कॅम पायऱ्यांऐवजी अंशाअंशाने फिरू लागल्यावर. बीएमडब्ल्यूची 1992 ची कॅम फिरवणारी यंत्रणा, व्हॅनोस, आधी दोन स्थितींचीच होती. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर डबल व्हॅनोस आणि टोयोटाचं व्हीव्हीटी-आय आलं, आणि टायमिंग आरपीएम व लोड (इंजिनावरचा भार) यांच्या तक्त्यात शिरलं. होंडाने के-सिरीजच्या आय-व्हीटेकमध्ये उंचवटा बदलणं आणि कॅम फिरवणं या दोन्ही कल्पना एकत्र केल्या. या इंजिनांसाठी ट्यूनरांनी एक सोपी पण चिकाटीची रीत बसवली: इनटेक कॅम 0 अंशावर धरून डायनो ओढ घ्यायची, मग 10, 20 असं 50 पर्यंत, आणि प्रत्येक आरपीएमला ज्या कोनाची रेषा सगळ्यात वर तो कोन तक्त्यात भरायचा. मला यात एकच भर घालावीशी वाटते: शेजारच्या दोन रकान्यांत कोन मोठी उडी मारत असेल, तर किंचित टॉर्क सोडून उतार गुळगुळीत करावा. कॅम फिरायला वेळ लागतो, आणि रस्त्यावर आरपीएम डायनोइतक्या शिस्तीत चढत नाही.

हे सगळं तेलाच्या भरवशावर चालतं. तेलाची वाट उघडणाऱ्या विजेच्या झडपेपुढची, म्हणजे सोलेनॉइडपुढची, बारीक जाळी गाळाने भरली किंवा तेल पातळ झालं, तर इसीयू (इंजिनाचा संगणक) 30 अंश मागतो आणि कॅम रेंगाळतो, म्हणून मॅपला हात लावण्याआधी तेल बघावं. थंड इंजिनात तर तेलाचा दाबच अपुरा पडतो. टोयोटाने 2006 च्या लेक्सस एलएस 460 मध्ये इनटेक कॅमसाठी तेल बाजूला ठेवून विजेची मोटर बसवली, ती याच कारणाने.