रूपचंद म्हणजे पिरान्हा नव्हे

दर पावसाळ्यात एक व्हिडिओ फिरतो. कुठल्यातरी धरणाच्या कडेला पोरांनी गळाला लागलेला चपटा मासा हातात धरलेला असतो, एकाने अंगठ्याने त्याचा ओठ वर केलेला असतो आणि आत थेट माणसासारखे दात दिसतात. खाली मजकूर: आपल्या नदीत पिरान्हा आलाय, पोहायला जाऊ नका. तो मासा बहुतेक वेळा रूपचंद असतो, तळ्यांत वाढवून आपल्या बाजारात विकला जाणारा. ज्या दातांना घाबरून हा व्हिडिओ पुढे ढकलला जातो, तेच दात खरं तर ओरडून सांगत असतात की मी पिरान्हा नाही.

पिरान्हाचं तोंड म्हणजे कात्री आणि रूपचंदाचं म्हणजे अडकित्ता. पिरान्हाचे दात त्रिकोणी, पात्यासारखे, एकाच ओळीत. खालचा जबडा जरा पुढे आलेला. तोंड मिटलं की वरचे दात खालच्यांच्या फटीत बसतात आणि मधलं मांस कापलं जातं. ॲमेझॉनच्या जंगलातले आदिवासी हा सुकवलेला जबडा सुरीसारखा वापरत आले आहेत. रूपचंदाचे दात चौकोनी, दाढांच्या वळणाचे, वरच्या जबड्यात दोन ओळींत. ते कापायला नाही, फोडायला.

घोटाळा होतो त्यात लोकांची फार चूक नाही. दोघे एकाच कुळातले, दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचे. दोघांचं अंग ताटलीसारखं, पोटाच्या कडेला करवतीचे दाते, पाठीवरच्या पराच्या मागे शेपटीजवळ एक छोटासा मांसल पर. दोघांचेही जबड्याच्या एका बाजूचे सगळे दात एकदम पडतात आणि एकदम नवे येतात. त्यातून रूपचंदाच्या पिल्लाचा गळा लालभडक असतो, अगदी लाल पोटाच्या पिरान्हासारखा. दांडगटाचा सदरा घालून फिरलं की वाटेला कोणी जात नाही, असा त्यामागचा हिशेब असावा, असं काही अभ्यासकांना वाटतं. मोठेपणी मात्र वाटा वेगळ्या होतात. लाल पोटाचा पिरान्हा साधारण फूटभराचा राहतो, रूपचंद तिकडच्या नदीत २० किलोच्या वर जातो.

एवढा मोठा होतो तो कशावर? फळांवर आणि बियांवर. ब्राझीलमध्ये ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या मनाउस शहरापाशी नदीची पातळी वर्षाकाठी सरासरी दहा मीटर वर-खाली होते. पूर आला की किनाऱ्याचं जंगल महिनोन् महिने पाण्यात उभं राहतं, झाडांची फळं डुबुक डुबुक पाण्यात पडतात आणि खाली हे मासे वाट बघत असतात. रूपचंदाचा चुलतभाऊ तंबाकी रबराच्या झाडाचं टणक बी कडकन फोडतो. पेरूमध्ये झालेल्या एका अभ्यासात तर हा मासा पोटातलं बी पाच किलोमीटरहून लांब नेऊन टाकतो असं दिसलं.

नदीकाठच्या कोळ्यांनी हे कधीच हेरलेलं आहे. काठीला दोरी, दोरीला जड गोळा. होडीतून तो पाण्यावर आपटायचा, फळ पडल्याचा आवाज करायचा. याला तिकडे ‘गापोंगा’ म्हणतात. तंबाकी खाऊ आला समजून वर येतो आणि शेजारच्या गळाला लागतो. पिरान्हासाठीही आवाजच करतात, पण वेगळा. काठीचं टोक पाण्यात खळबळवायचं, जणू काही जखमी होऊन तडफडतंय. गळाला तार लावायची, कारण साधा दोरा तो तोडतो. जाळ्यात अडकलेले मासेही तो अर्धेमुर्धे खाऊन ठेवतो, म्हणून तिथे त्याच्याबद्दल भीतीपेक्षा वैताग जास्त.

खाण्यातही पंक्ती वेगळ्या. तंबाकीच्या जाड फासळ्या निखाऱ्यावर भाजून कसाव्याच्या, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाच्या, रवाळ पिठाबरोबर खातात. मनाउसमध्ये पाहुण्याला आग्रहाने वाढायचा तो पदार्थ. पिरान्हा म्हणजे काटेच काटे. त्याचं कांदा, टोमॅटो, कोथिंबीर घालून उकळून, गाळून सार करतात. हे सार प्यायल्याने पुरुषाला ‘जोर’ येतो, अशी तिकडे समजूत आहे. अशा समजुतीला कुठल्याच देशात मरण नाही.

पिरान्हा चावतो हे खोटं नाही. २०१३ च्या नाताळात अर्जेंटिनातल्या रोसारियोजवळ पिरान्हाच्याच जातीच्या माशांनी साठहून जास्त लोकांना चावे घेतले. पण बोटं, टाचा, घोटे. माणसाचा क्षणात सापळा करणारा मासा सिनेमात असतो.

आता आपल्या बाजारात येऊ, कारण इथे तिसराच घोटाळा चालतो. मासेवाल्या मावशी रूपचंद पुढे करून म्हणतात, “घ्या की दादा, गोड्या पाण्याचा पापलेट हाय.” नावातच गोम आहे. बंगालीत ‘रूपचांदा’ म्हणजे समुद्रातला पापलेटच. हा ॲमेझॉनचा मासा २००३-०४ च्या सुमारास बांगलादेशातून पश्चिम बंगालात आला, मग आंध्रच्या तळ्यांत वाढू लागला, आणि येताना पापलेटचं नाव पांघरून आला. तळ्यातून पुराबरोबर तो नद्यांत सुटतो. माझ्या मते काळजी करायची तर याची, चावण्याची नव्हे. हा नुसत्या फळांवर राहत नाही; जे झिंगे, शिंपले, बारके मासे आपल्या नदीत आधीच कमी झालेत, ते खायला हा नवा वाटेकरी.

मासा म्हणून रूपचंद वाईट नाही. ताजा असेल, आलं-लसूण, हळद आणि भरपूर कोकम लावून तासभर ठेवला, तर रवा लावून चांगला लागतो. पापलेटच्या भावाने मात्र घेऊ नये. अख्खा मासा समोर असेल तर पोट बघा: मोठ्या पापलेटला पोटाखालची परांची जोडी नसते, रूपचंदाला असते. शेपटीजवळचा तो छोटा पर बघा, आणि ओठ वर करून बघायला मावशींची हरकत नसते. हॉटेलात डोकं-शेपटी उडवून मसाल्यात लपेटलेला तुकडा आला, तर यातलं काहीच दिसत नाही. तिथे बोटांवर भरवसा ठेवायचा. पापलेटला मधला काटा, तो काढला की घास मोकळा. रूपचंदाच्या मांसात बेचक्यासारखे दुटोकी बारीक काटे असतात, ज्यांच्यापायी तिकडे पिरान्हाचं सार गाळून घेतात तसलेच. तसा काटा बोटाला लागला, तर बिलावर काय लिहिलंय ते एकदा वाचा.